चौदा नंबरच्या खोलीची किल्ली

११ जुलै

ती. मामा,

नमस्कार. फोनच करणार होते. पण मागच्या वेळी मुख्याध्यापिका झाल्याची बातमी मी इतक्या जोरात सांगितली की शेजारच्या दोन घरांतून अभिनंदन आलं आणि तुम्हाला मात्र ऐकू आलं नाही. तेव्हा आता लेखी कळवते.

तुमच्या शाळेत, तुमच्याच खोलीत, तुमच्याच खुर्चीत मी एक तारखेपासून बसते आहे. तुमच्यानंतर जे गृहस्थ होते त्यांनी नऊ वर्षांत फक्त पडदे बदलले असावेत. खुर्चीचा डावा हात अजून डुगडुगतो. भिंतीवरची किल्ल्यांची फळी तीच आहे, नंबरवार खिळे. फक्त चौदा नंबरचा खिळा फळीवर नाही. तो बाहेर, दाराच्या चौकटीला, माझ्या कमरेएवढ्या उंचीवर ठोकलेला आहे. कुणाचा तरी वेंधळेपणा. शिपाईकाकांना सांगून ती किल्ली आत घ्यायची आहे.

तुम्ही विचाराल, आनंद झाला का. खरं सांगू? काही वाटलं नाही. काळजी करू नका, घरी सगळं ठीक आहे. आमचे हे ठणठणीत आहेत, लेक तिच्या नोकरीत रमली आहे. पण दातांच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल कसा होतो, आपलाच असून आपला नसल्यासारखा, तसं मला सकाळपासून संध्याकाळपर्यंत असतं. सव्वीस वर्षं संस्थेच्या दुसऱ्या शाळेत भाषा शिकवली. मागच्या वर्षी एक धडा घेताना मधेच लक्षात आलं, की माझं तोंड बोलतंय आणि मी खिडकीतून समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी बघतेय. धडा वेळेत संपला. कुणाला काही कळलं नाही. मग बढती मिळाली.

शिक्षकखोलीतही काही वेगळं नाही. भूगोलाचे सर शेवटच्या घंटेच्या चार मिनिटं आधी पिशवी खांद्याला अडकवून दारात उभे असतात. वाटावं, बस चुकेल. त्यांना बस नाहीच, ते चालत जातात. चित्रकलेच्या बाई मुलांना एक कप काढायला सांगतात आणि त्याच कपासमोर बसून चहा पितात. वाईट कुणी नाही. सगळे पाट्या टाकतात, आणि मीही त्यांच्यातलीच, त्यामुळे बोलायला तोंड नाही.

एक मात्र सांगायचं आहे. गेल्या शनिवारी साडेअकराला शाळा सुटली. मी कागद आवरत होते तर वरून बाकं सरकवल्याचे आवाज. गेले. चौदा नंबरच्या खोलीत इथल्या गणिताच्या बाई आणि वीसेक मुलं, निरनिराळ्या वर्गांतली. फळ्यावर लिहिलं होतं: एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश. वरचे आकडे वरच्यांत, खालचे खालच्यांत, काम फत्ते. सातवीतल्या एका मुलाची ही करामत. मला वाटलं आता बाई लाल खडू उचलतील. त्या म्हणाल्या, "हे उत्तर नेमकं कुठल्या प्रश्नाचं असेल?"

पोरं विचारात पडली. मग एक मुलगी म्हणाली, "बाई, समजा मी दोनदा बॉल टाकला आणि एकदा टोपलीत गेला. मग तीनदा टाकला आणि एकदा गेला. म्हणजे पाचातले दोन गेले की!"

बाईंनी खडूच खाली ठेवला. "मग हा चुकलाय कुठे? हा दुसऱ्याच प्रश्नाचं बरोबर उत्तर देतोय." तो मुलगा कानापर्यंत लाल झाला.

मामा, मी हसले. मोठ्याने. माझाच आवाज मला ओळखू येईना. मागच्या बाकावर चाळीस मिनिटं बसून राहिले, आणि एकदाही खिडकीबाहेर पाहिलं नाही. सगळ्यांनी आठवड्यातली आपली एक चूक आणायची आणि तिचा कीस पाडायचा, एवढाच तो तास. वेळापत्रकात तो नाही. "किती वर्षं चालतं हे?" मी विचारलं. "मोजलं नाही, मोठ्या बाई." "करायला कुणी सांगितलं?" "कुणी नाही."

आता तुम्ही सांगा. अकरा वर्षं तुम्ही ही शाळा चालवलीत. त्या खोलीत जे आहे ते बाकीच्या सतरा खोल्यांत यावं, शिक्षकांना आणि मुलांना आपणहून काही करावंसं वाटावं, यासाठी मुख्याध्यापकाने नेमकं काय करायचं असतं?

तुमची,
बबी

१९ जुलै

चि. बबी,

आशीर्वाद. एक्कावन्न वर्षांच्या बाईला बबी म्हणताना मला अजिबात संकोच वाटत नाही, हे आधी नमूद करतो.

फार विचार करतेस. गाल बधिर झाला म्हणे. खुर्ची नवी असली की माणूस थोडा बधिरतोच. कामाला लाग, उतरेल.

आता तुझ्या प्रश्नाचं. माणसाला शाबासकी लागते. हे मला पुस्तकातून नाही, आमच्या फ्रिजवरून कळलं. डॉक्टरने मला रोज बागेपर्यंत चालायला सांगितलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं. मग आमच्या नातीने फ्रिजवर एक तक्ता लावला. आजोबा चालून आले की एक तारा. तीस तारे झाले की नवी टोपी. आजमितीला बारा झालेत! सून म्हणते, मामंजी आता घड्याळ लावल्यासारखे बाहेर पडतात. सदुसष्ट वर्षांच्या खोडाला जर तारा चालतो, तर तुझ्या भूगोलवाल्याला का नाही चालणार?

तेव्हा जे चांगलं चाललंय ते उजेडात आण. त्या गणिताच्या बाईंचा तास वेळापत्रकात घाल. ढाल ठेव, टाळ्या वाजव, संस्थेच्या लोकांना बोलावून दाखव. शिक्षकखोलीतही एक तक्ता लाव. चांगलं काम अंधारात ठेवणं हा मुख्याध्यापकाचा आळस आहे.

तसं माझ्या वेळी त्या खोलीत असलं काही चालत नव्हतं. निदान मला तरी माहीत नाही. माझ्या वेळी शिस्त होती आणि शिस्तीतून सगळं येतं.

खुर्चीचा हात दुरुस्त करू नकोस. तो डुगडुगला की समोरचा माणूस लांबण लावत नाही.

तुझा,
मामा

२ ऑगस्ट

ती. मामा,

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि कामाला लागले.

चुकांचा तास आता वेळापत्रकात आहे. शनिवार, साडेअकरा ते सव्वाबारा, सहावी ते आठवी, हजेरी सक्तीची. 'आठवड्यातली सर्वोत्तम चूक' अशी ढाल केली आहे, लाकडी, वर पितळी पत्रा. जिंकणाऱ्या मुलाचं नाव सोमवारी सगळ्यांसमोर वाचतो. पहिल्या शनिवारी चौसष्ट मुलं आली. खोलीत मावेनात म्हणून सभागृहात बसवली. चौदाची किल्ली आत फळीवर घेतली आहे, लागली तर सही करून न्यायची.

शिक्षकखोलीत ताऱ्यांचा तक्ता लावला. वेळेआधी आलं की तारा, जादा तास घेतला की तारा, नवा उपक्रम केला की दोन. भूगोलाचे सर या आठवड्यात दोनदा घंटेनंतर थांबले. संस्थेचे सचिव येऊन गेले. म्हणाले, "महिन्याभरात एवढं? बाकीच्या शाळांनाही दाखवू." फोटो काढले.

गणिताच्या बाईंना मी हे सगळं आधी सांगितलं होतं. त्या "बरं" म्हणाल्या.

मीही सभागृहात पुढे खुर्ची टाकून बसले होते. ढाल माझ्याच हातून दिली. टाळ्या वाजल्या. हसू काही आलं नाही, पण त्या दिवशी दमलेही होते.

तुमची टोपी झाली का?

बबी

१२ ऑगस्ट

चि. बबी,

शाब्बास! सचिव खूश म्हणजे अर्धा गड जिंकलास.

टोपी मिळाली. राखाडी आहे, जरा घट्ट बसते. आता नातीने साठ ताऱ्यांवर छत्री ठेवली आहे. बत्तीस झाले.

आज घाईत आहे.

मामा

६ सप्टेंबर

ती. मामा,

हे पत्र शाळेतूनच लिहिते आहे. घरी नेलं तर लिहून होणार नाही.

आधी गंमत सांगते, कारण ती गंमतच आहे. मुलं चुका घडवायला लागली आहेत. एका मुलाच्या वहीत तेच गणित दोनदा सापडलं, मागच्या पानावर बरोबर आणि पुढच्या पानावर चूक, सुबक अक्षरात. एक मुलगी शिकवणीच्या सरांकडून चूक करून घेऊन आली. मंगळवारी एक आई आली. तावातावाने म्हणाली, आमच्या मुलीची चूक जिंकलेल्या चुकीपेक्षा अवघड होती, तुम्ही भेदभाव करता. मी तिला पाणी दिलं, वही पाहिली. चूक खरोखरच अवघड होती. आठवीतल्या मुलीला अशी चूक करताच येणार नाही. आईलाच येईल.

शिक्षकखोलीतली तऱ्हा सांगू? परवा पाचवीतल्या एका मुलीला ताप भरला. घरून न्यायला कुणी येईना. चित्रकलेच्या बाईंना म्हटलं, तुमच्या वाटेवरच आहे, हिला सोडता का? त्या लगेच उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि वळून विचारलं, "याचा तारा धरतात का?" त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी हे विचारलं नसतं. दोन महिन्यांपूर्वी त्या फक्त कपासमोर चहा पीत होत्या आणि एखादं पोर रडलं तर कप ठेवून उठत होत्या.

आता खरं सांगायचं ते. गणिताच्या बाईंनी बदलीचा अर्ज दिला आहे. संस्थेच्या पुलापलीकडच्या शाळेत. महिनाअखेरीला माझी सही होऊन तो पुढे जायचा आहे. मी त्यांना बोलावलं.

"माझं काही चुकलं का?"

"नाही, मोठ्या बाई. ढाल चांगली आहे. जड आहे."

"मग?"

त्यांनी खुर्चीच्या डुगडुगत्या हाताकडे पाहिलं. "गेल्या आठवड्यात एका मुलीचं गणित खरंच चुकलं. छान चुकलं होतं. मी म्हटलं, शनिवारी आण. तर म्हणाली, 'नको बाई, ही जिंकण्यासारखी नाही.' आणि माझ्यासमोर खोडलं तिने. कागद फाटेपर्यंत खोडलं."

मी पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला.

"मी घरी गेले, शनिवारची तयारी करायला बसले. अर्ध्या तासाने माझ्या लक्षात आलं की मीसुद्धा वह्यांतून ढालीच्या लायकीची चूक शोधतेय. मग वह्या मिटल्या."

"ढाल बंद करते. उद्यापासून."

"करा," त्या म्हणाल्या. "पण मला आता शनिवारी उठावंसं वाटत नाही. आधी वाटायचं. का वाटायचं ते मला माहीत नव्हतं, त्यामुळे परत कसं आणायचं तेही माहीत नाही."

मामा, हे वाक्य मला चांगलं ओळखीचं आहे. त्यांच्या तोंडून ते यायला नको होतं. माझ्याकडचा आजार मी त्यांना दिला असं वाटतंय. वाटतंय म्हणजे तसं दिसतंय. वाटत अजून काहीच नाही.

मला सांगा ना, तुम्ही नेमकं काय करत होतात?

बबी

१५ सप्टेंबर

चि. बबी,

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. रोज लिहायला बसतो आणि पेनात शाई नाही असं स्वतःला सांगून उठतो. पेन नवं आहे.

मी तुला खोटं लिहिलं. चौदा नंबरमध्ये काय चालायचं ते मला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. त्या बाई तेव्हा नव्या होत्या, पंचवीस-सव्वीसच्या. शनिवारी किल्ली मागायला माझ्या दारात उभ्या राहायच्या आणि मी सवयीने विचारायचो, "कशाला हवी?" त्या सांगायच्या. सांगताना दर वेळी त्यांचा आवाज थोडा बारीक व्हायचा. एका शनिवारी त्या आल्याच नाहीत. पुढच्याही नाही. मग मी शिपाईकाकांना सांगून दाराच्या बाहेर एक खिळा ठोकून घेतला, पोरांच्या हाताला येईल इतक्या उंचीवर, आणि चौदाची किल्ली त्यावर अडकवली. कुणाला काही सांगितलं नाही. तिसऱ्या शनिवारी किल्ली जागेवर नव्हती. एवढंच मी केलं, बबी. अकरा वर्षांत एवढंच. तो वेंधळेपणा नव्हता.

मग तुला सांगितलं का नाही, असं विचारशील. लाजेने. तू विचारलंस, मुख्याध्यापकाने काय करायचं असतं. आणि माझ्या शाळेतली सगळ्यात चांगली गोष्ट मी न केलेली होती. ते लिहायला हात धजेना. म्हणून शिस्त आणि ढाल असलं काहीतरी दडपून दिलं. ढालीचं तर मला माहीत असायला हवं होतं. गाण्याचे सर आठवतात तुला? मधल्या सुट्टीत पायरीवर बसून पेटी वाजवायचे, भोवती पोरं. मी त्यांना वार्षिक समारंभात शाल दिली, 'मधल्या सुट्टीतील संगीत उपक्रमासाठी'. दुसऱ्या दिवसापासून ते मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत बसायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, "सर, आता ते काम झालं." मी हे विसरलो नव्हतो. फक्त आठवत नव्हतो.

आणि ताऱ्यांचं. टोपी मिळाल्यापासून मी बागेपर्यंत गेलेलो नाही. फाटकापर्यंत जातो, तिथल्या कठड्यावर पंधरा मिनिटं बसतो आणि परत येऊन पोरीच्या हातून तारा लावून घेतो. सत्तावन्न झालेत. एके काळी मी चालायचो, बबी. तुझी मामी होती तेव्हा आम्ही उगाचच चालायचो, कुठे जायचं हे न ठरवता. आता सात वर्षांच्या पोरीला फसवून छत्री मिळवतोय.

त्या मुलाचं गणित आठव. तुझं उत्तर चूक नव्हतं, ते दुसऱ्या प्रश्नाचं होतं. सचिवांना काय दाखवावं, असा प्रश्न असता तर पैकीच्या पैकी गुण. तो प्रश्न मीच तुझ्या हातात दिला.

त्या राहतील की नाही, मला माहीत नाही. किल्ली परत बाहेरच्या खिळ्यावर लाव.

मामा

२८ सप्टेंबर

ती. मामा,

ढाल कपाटात ठेवली. शनिवारचा तास वेळापत्रकातून काढला. ताऱ्यांचा तक्ता उतरवला तेव्हा भूगोलाचे सर मागे उभे होते. म्हणाले, "माझे अकरा होते. त्यांचं काय?" मी म्हटलं, "काही नाही, सर." त्यांनी मान हलवली आणि पिशवी खांद्याला लावली. घंटेला चार मिनिटं होती.

सचिवांचा फोन आला. पुढच्या महिन्यात दोन शाळांचे लोक बघायला येणार होते, आता त्यांना काय दाखवू म्हणाले. मी सांगितलं, दाखवण्यासारखं काही नाही. ते बराच वेळ बोलले. फोन ठेवल्यावर त्यातलं एक वाक्य मला आठवेना.

गणिताच्या बाईंना खिळ्याचं सांगितलं. तुम्ही तो का ठोकलात ते त्यांना माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्यांना तो सुताराचा गाढवपणा वाटत होता. हसल्या. मग डोळे पुसले. "माझा तुमच्यावर राग नाही, मोठ्या बाई," म्हणाल्या, "पण मी जाते. तिकडे मला कुणी ओळखत नाही. बघते, तिथे काही वाटतं का."

मी अर्जावर सही केली. सही नेहमीसारखीच आली.

आज त्यांचा शेवटचा दिवस होता. जाताना त्यांनी चौदा नंबरमधला डस्टर झटकून जागेवर ठेवला. मी किल्ली बाहेरच्या खिळ्यावर अडकवली. शिपाईकाका म्हणाले, "आता कुणासाठी?"

बबी

९ ऑक्टोबर

चि. बबी,

मी तक्ता फाडला. नातीला सगळं खरं सांगितलं. ती रडली नाही, ओरडली. म्हणाली, आजोबा, तुम्ही चीटिंग केलीत. चार दिवस माझ्याशी बोलली नाही. सून म्हणाली, मामंजी, या वयात तुम्हाला हे काय सुचतं.

तुला वाटेल, तक्ता फाडला आणि म्हातारा लगेच चालायला निघाला. तसं झालं नाही. नऊ दिवस घरात बसून राहिलो. पाय जड, मन त्याहून जड. दहाव्या दिवशी सहज मनात आलं, बागेतल्या तळ्याची गळती काढत होते, तिचं काय झालं बघावं. गेलो. गळती तशीच आहे. दोन माणसं तळ्यात उतरून एकमेकांना दोष देत होती. तासभर बघत उभा राहिलो. परत आलो तेव्हा कुणी तारा दिला नाही. बरं वाटलं.

तुला काही शिकवत नाही, तळ्याचं सांगतोय.

एक मात्र. शनिवारी खिळ्याकडे बघत बसू नकोस. पोरांना कळतं.

मामा

शनिवार, २३ नोव्हेंबर

ती. मामा,

दोन महिने लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. शाळा चालू होती. सहामाही झाली, निकाल लागले, बरे लागले. नवीन गणिताचे सर आले आहेत, नीट शिकवतात. मी माझी कामं करत होते. आमचे हे म्हणाले, "तू हल्ली जेवताना बोलत नाहीस." मी म्हटलं, "आधी बोलायचे का?" तर तेही विचारात पडले.

सात शनिवार किल्ली जागेवर होती. तुम्ही नको म्हणालात तरी मी बघत होते. एकदा ती बॉलवाली मुलगी आली. किल्लीला बोटाने टिचकी मारली, ती हलली, हलायची थांबली, आणि मुलगी निघून गेली. एकदा दोन मुलं आली आणि मला बघून पळाली. त्या दिवसापासून मी शनिवारी माझं दार लोटून घेते.

आज साडेअकराला शाळा सुटली. बाराच्या सुमाराला सह्यांचे कागद शिपाईकाकांना द्यायला बाहेर आले, तर खिळा रिकामा.

"किल्ली कुठाय?"

"वर," काका म्हणाले. "भूगोलाचे सर घेऊन गेले."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "कोण?"

"भूगोलाचे. कालच्या चाचणीत कुणीतरी नकाशात नदी डोंगरावर चढवलीये म्हणे. सर सकाळपासून तो कागद घेऊन फिरत होते. मलाही दाखवला. सुटल्यावर त्या पोराला म्हणाले, चल, वर चल, ही वर कशी गेली ते मला सांग. मागून आणखी आठ-दहा गेली."

"त्यांना कुणी सांगितलं होतं?"

"कोण सांगणार?"

मी शिक्षकखोलीत जाऊन पाहिलं. त्यांची पिशवी खुर्चीवर आहे, मामा. शाळा सुटून अर्धा तास झाला आणि पिशवी खुर्चीवर.

जिन्यापर्यंत गेले. पहिल्या पायरीवर पाय ठेवला. वरून एक मुलगा ओरडत होता, "पण सर, डोंगरच आधी नसेल तर?" आणि सर म्हणत होते, "थांब, थांब, हे परत बोल." त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तो माणूस घाईत नव्हता.

मला वर जावंसं वाटलं. हे वाक्य लिहून मी परत वाचलं. बरोबर आहे. मला वाटलं. मागच्या बाकावर बसावं, त्या नदीचं काय होतं ते ऐकावं, नुसतं ऐकावं. सुईचा बधिरपणा उतरताना गाल आधी दुखतो, तसं छातीत काहीतरी दुखतंय, आणि इथे बसून मी रडतेय. काकांना वाटतंय वाईट बातमी आली. त्यांनी पाणी आणून ठेवलं आहे.

मी गेले नाही. मी दारात दिसले की सर उभे राहतील. पोरं उभी राहतील. सर सांगायला लागतील, कशासाठी जमलोय, आणि त्यांचा आवाज बारीक होईल.

म्हणून खाली आले, दार लोटलं आणि हे पत्र लिहायला बसले. हात कशात तरी अडकलेले हवेत, नाहीतर पाय वळतील. सव्वाबारा होऊन गेले आहेत. कुणी खाली उतरलेलं नाही. माझा कागद संपत आला तर पाठीमागे लिहीन, तिथे तुम्हाला सांगण्यासारखं काही नसलं तरी.

वर बाकं सरकली. आत्ता सगळे एकदम हसले. कशाला हसले, ते मला कधीच कळणार नाही.

बबी